बिनमोटारीची वाट

त्या रविवारी, बरगीच्या पुढे, रेल्वेच्या जुन्या छोट्या लाईनवर आम्हाला मारायला नऊ माणसं आली होती. श्यामसुंदर पाच म्हणतो. पण तो आकड्यांतही कंजूष आहे, आणि शिवाय त्याचा डावा डोळा पहिल्याच मिनिटाला सुजून बंद झाला होता, म्हणजे अर्धी माणसं त्याला दिसलीच नसणार. मी नऊ मोजली. त्यांतल्या सहांना माझ्या हातचा प्रसाद मिळाला, उरलेल्या तिघांना एका मुलीनं पाडलं. ही सगळी मारामारी एका सायकलवरून झाली.

सायकल माझ्या पुतणीची. अवंती म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, बाबारावची, एकुलती एक पोरगी. वय तेवीस. घमापुरात आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, त्यामुळं तिच्या घरातलं भांडण मला माझ्या पलंगावर पडल्या पडल्या ऐकू येतं. तिची सायकल आपल्यासारखी साधी नव्हती. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, आणि टायर मात्र जाड, खडबडीत. डांबर सोडून मुरूम, खडी, गिट्टी, दगडधोंडे यांच्यावरून पळायला बनवलेली. ग्रॅव्हल बाइक म्हणतात तिला. मी गिट्टीची सायकल म्हणायचो. फेब्रुवारीत कोकणात अशा सायकलींची शर्यत होती. नव्वद किलोमीटर, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला डोंगर, सगळी वाट जांभ्याच्या लाल खड्यांची, आणि त्या दिवशी त्या वाटेवर एकही मोटार सोडायची नाही असा नियम. जबलपुरातून तिचं एकटीचं नाव लागलं होतं.

आणि ऑक्टोबरात बायपासवर एका डंपरनं तिला मागून उडवलं.

डोक्यावरचं हेल्मेट नारळासारखं दोन वाट्या होऊन पडलं. खांद्याचं हाड दोन जागी मोडलं, आणि डांबरानं गालाची साल काढून नेली, कानापासून हनुवटीपर्यंत. डंपर थांबला नाही. मी माझ्या जुन्या सायकलवरून त्याच्या मागं लागलो, चार किलोमीटरवर गाठला, ड्रायव्हरला खिडकीतून कॉलरला धरून बाहेर ओढला आणि त्याच्याच डंपरच्या चाकावर त्याचं नाक घासलं. तो मला अंगठ्याला चावला. वण अजून आहे, बघायचा तर दाखवतो. बाबाराव म्हणतो तो वण कुत्र्याचा आहे. बाबारावच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका.

तर हा बाबाराव. जन्मभर सरकारी कचेरीत कागद सरकवले, दोन वर्षांमागं रिटायर झाला, पण कागद काही सुटला नाही. पोरगी दवाखान्यातून घरी आली त्या संध्याकाळी त्यानं तिची सायकल स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला साखळीनं बांधली आणि एका कागदावर अट लिहिली. ज्या वाटेवर दुचाकी वा चारचाकी एकही मोटार चालत नाही अशी वाट दाखवल्यास सायकल सोडण्यात येईल. त्या वाटेवर एकही मोटार दिसल्यास सायकल गुरंदीच्या बाजारात भंगारात देण्यात येईल. खाली अवंतीची सही घेतली आणि साक्षीदार म्हणून माझी.

अवंती म्हणाली, "बाबा, अशी वाट दुनियेत नाहीये."

"मग सायकलही नाही," तो म्हणाला.

पोरगी रडली नाही. एक हात गळ्यात बांधलेला, तरी तिनं मागचं चाक दोन विटांवर चढवलं आणि बांधलेल्या सायकलवर बसून पेडल मारायला लागली. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. तिची आई हेमलता त्या घरघरीत पोळ्या लाटायची. मला भिंतीपलीकडून वाटायचं की शेजारी पिठाची चक्की टाकली की काय. असं एकोणीस दिवस चाललं. विसाव्या दिवशी मी श्यामसुंदरकडे गेलो.

श्यामसुंदर माझा मित्र, राहायला गढ्यात. छोट्या लाईनवर एकतीस वर्षं कीमॅन होता. कीमॅन म्हणजे जो रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून आपल्या हिश्शाचा रूळ पायी तपासत जातो, रूळ जखडणारी चाबी सैल झाली असली तर ठोकतो आणि पुढं जातो. लाईन मोठी झाली तेव्हा डोंगरातला जुना रस्ता सोडून नवा धरला गेला, आणि श्यामसुंदरचा तुकडा तसाच पडून राहिला. मी त्याला अवंतीचं सांगितलं. त्यानं विडी दगडावर विझवली. मग म्हणाला की माझ्या सेक्शनवर गाडी येत नाही. रूळ नेले, स्लीपर नेले. गिट्टी तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाहायला गेलो आणि मी तर उभाच राहिलो. चौदा किलोमीटर. डाव्या हाताला बरगीच्या धरणाचं पाणी, इतकं की पलीकडचा काठ धुरासारखा दिसतो. उजव्या हाताला सागाचे डोंगर. मधून वळणं घेत, चढत, उतरत जाणारी गिट्टीची वाट. कुठं कापलेला डोंगर, कुठं छोटा पूल, कुठं वाट थेट पाण्यावर टांगलेली. चाकाखाली खडे करकरतात तेवढाच आवाज. कोकणात समुद्र खारा आहे, आमचा गोडा, एवढाच काय तो फरक.

बाबारावनं महिनाभराची मुदत दिली आणि तेवढ्यापुरती साखळी काढली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो स्वतः येऊन वाट पाहणार आणि कायमचा निकाल देणार. अवंतीचा खांदा जुळत आला होता. ती रोज पहाटेच्या बसनं सायकल घेऊन जायची, आम्ही दोघं म्हातारे मागं आमच्या खटाऱ्यांवर. पहिल्या आठवड्यात ती उतारावर ब्रेक धरून रडवेली व्हायची. मागून पान जरी वाजलं तरी मान वळायची. तिसऱ्या आठवड्यात ती मान वळवायची विसरली. श्यामसुंदर जुन्या मैलाच्या दगडावर घड्याळ घेऊन बसायचा आणि तिची वेळ अशी वहीत लिहायचा जशी काही पॅसेंजर सुटली आहे.

आणि निकालाच्या रविवारआधी, बुधवारी, आम्हाला वाटेवर ट्रॅक्टर दिसला.

तोही वाटेच्या मधोमध, ट्रॉली लावून. माणसं फावड्यांनी गिट्टी उचलून ट्रॉलीत टाकत होती. वाटेला कंबरभर खोल खंदक पाडला होता. डोंगराच्या बाजूनं एक सायकल जाईल एवढी पट्टी उरली होती. त्यांचा म्होरक्या खिलान दाऊ, मान नसलेला माणूस, खांद्यावर थेट डोकं ठेवलेलं. मी त्याला हात जोडून सांगितलं की भैया, फक्त रविवारपर्यंत थांबा.

तो म्हणाला, "काए दद्दा, जा गिट्टी तुमाए बाप की आय?"

मी म्हणालो, "बाप की नहीं, भतीजी की है."

त्यानं मला फावड्याच्या दांड्यानं तोंडावर मारलं. दोन दात तिथंच पडले. ते मी शोधायला वाकलो तर पाठीत लाथ बसली आणि माझं तोंड गिट्टीत गेलं. वर उभं राहून त्यानं सांगितलं की परत दिसलास तर याच खड्ड्यात दाबून वर मुरूम टाकू. श्यामसुंदर मला उचलायला आला, त्याच्याही पोटात दांडा घातला. अवंती पुढं धावली तेव्हा मीच तिला अडवलं, कारण जुळत आलेला खांदा पुन्हा मोडला की शर्यत संपली. ती त्या माणसाकडे बघत उभी राहिली. ते बघणं मला आवडलं नाही. ते आमच्या आईचं बघणं होतं, आणि आमच्या आईनं एकदा चोराचं बोट तोडलं होतं.

ती जागा आता कोणाची, हे कोणालाच धड सांगता येईना. तीन दिवस आम्ही विचारत हिंडलो. शनिवारी श्यामसुंदरनं पलंगाखालून एक पत्र्याचा डबा काढला. आत चपटे, गोल, लाल रंगाचे पटाखे. रेल्वेचे. पुढं धोका असला की कीमॅन हे रुळावर ठेवतो. इंजिनाचं चाक वरून गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. डबा त्यानं रिटायर होताना जमा करायचा होता. विसरला म्हणतो.

बेत सोपा होता. ट्रॅक्टर रस्त्याच्या बाजूनं, म्हणजे पूर्वेकडून, साडेआठला यायचा. बाबाराव पश्चिमेकडून, बरगीच्या बाजूनं, नऊ वाजता येणार होता. त्याचे गुडघे सायकल मारू देत नाहीत, म्हणून तो पायी येतो म्हणाला होता. श्यामसुंदरनं पूर्वेच्या बाजूला पटाखे ठेवायचे, ट्रॅक्टरखाली धडाका व्हायचा, खिलान दाऊला वाटायचं गोळीबार झाला, आणि नऊ वाजता बाबारावला दिसायचं पाणी, डोंगर आणि पोरगी. मी श्यामसुंदरला दोनदा सांगितलं, पूर्वेकडे ठेव. त्यानं दोनदा मान डोलावली.

पहाटे तो एकटाच जाऊन ठेवून आला. खाली लोखंडाची पट्टी, वर पटाखा, वरून चिमूटभर धूळ. अवंतीनं वरून सायकल नेऊन पाहिली, काही झालं नाही. सायकलचं वजन त्याला लागत नाही. आम्ही तिघं खंदकाजवळच्या कापलेल्या डोंगरात दबा धरून बसलो.

आठ वाजून चौतीस मिनिटांनी पूर्वेकडे तीन धडाके झाले, एकामागं एक. डोंगरातून असा आवाज फिरला की पाण्यावरची सगळी पाखरं उडाली आणि काळोख झाला. ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीतून माणसं खाली उड्या टाकून पळायला लागली, उलट्या दिशेनं, आमचा बेत होता तशी. मी श्यामसुंदरच्या पाठीवर थाप मारली. आणि तेवढ्यात पश्चिमेकडून, जिथं काहीच नसायला हवं होतं तिथून, पुन्हा तीन धडाके झाले.

मी श्यामसुंदरकडे पाहिलं.

"सिंगल लाईन आहे, रत्नाकर," तो म्हणाला. "धोका दोन्हीकडून असतो. चारशे मीटरवर एक, आठशेवर तीन. दोन्ही बाजूंनी. एका बाजूनं ठेवणारा कीमॅन मी पाहिला नाही."

एकतीस वर्षं त्यानं तसंच केलं होतं. रूळ गेले, गाड्या गेल्या, पण खड्डा दिसला की त्याचे हात नियमानंच चालले. पण पटाखा पायानं वाजत नाही. पश्चिमेकडून कोणी पायी येत असेल तर धडाका झाला कसा, हा विचार करायला मला वेळ मिळाला नाही. कारण पळणारी माणसं थांबली होती. मागूनही गोळीबार, पुढूनही गोळीबार, म्हणजे आपण घेरले गेलो, असं त्यांना वाटलं. घेरलेलं डुक्कर पळत नाही, अंगावर येतं. थाप मारायला मी उभा राहिलो होतो तो त्यांना दिसलो, आणि ते सगळे लोखंडी सब्बली, फावडी घेऊन आमच्यावर आले.

पहिला दगड श्यामसुंदरच्या डोळ्यावर बसला. तो खाली बसला आणि बसल्या बसल्याच त्यानं हातोडा फिरवला. जो माणूस त्याच्यावर वाकला होता त्याच्या गुडघ्याची वाटी फुटल्याचा आवाज मी ऐकला. मी माझ्या सायकलची सीट दांड्यासकट उपसून काढली होती. एकाच्या कानशिलात ती घातली, तो घोरल्यासारखा आवाज करत आडवा झाला. दुसऱ्याच्या बरगडीत घातली. तिसऱ्यानं माझ्या छातीवर फावडं मारलं, माझ्या तीन बरगड्या गेल्या, आणि त्याच फावड्याला धरून मी त्याला खंदकात ओढला. आत आम्ही दोघं गिट्टीवर लोळलो. तो माझा गळा आवळत होता, मी त्याच्या तोंडात गिट्टी कोंबत होतो. गिट्टी पांढरी होती, बाहेर काढली तेव्हा लाल होती. वरून खडे पडत होते, कोणाचा तरी कान अर्धा लोंबत होता, शिव्या मराठी, हिंदी, बुंदेली, तिन्ही भाषांत चालल्या होत्या आणि कोणालाच कोणाची ऐकू येत नव्हती.

खंदकातून मान वर काढली तर खिलान दाऊनं अवंतीचा तोच खांदा धरला होता, मोडलेला. त्यानं तो पिळला. तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी अजून विसरलो नाही. मग तिनं दुसऱ्या हातानं सायकल कमरेवर उचलली आणि फिरवली. पेडलाजवळच्या चक्राला दाते असतात, करवतीसारखे. ते त्याच्या गालावरून गेले आणि गाल उघडला. मागून एक जण आला, त्याला चाकानं दाढेत मारलं. आणखी एक आला, तो घसरून तिच्या पायाशी पडला, तिनं त्याच्या मनगटावर टाच ठेवली आणि पूर्ण वजन टाकलं. मी सांगितलेले तीन ते हेच. माझ्या पुतणीनं आधी कोणाला चापटही मारलेली नव्हती.

याच वेळी पश्चिमेकडून बाबाराव आला. नखशिखांत ओला, एका पायात बूट, कपाळातून रक्त, मिशीत धरणाचं शेवाळ. पट्टीवरून तो थेट माझ्याकडे आला आणि पहिली थप्पड त्यानं मला मारली.

"बॉम्ब कोणी ठेवला बे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात त्याला गालावर हात धरलेला खिलान दाऊ दिसला, आणि खांदा धरून गुडघ्यावर बसलेली पोरगी दिसली. खिलान दाऊनं तिची सायकल उचलून ट्रॅक्टरच्या पुढं फेकली होती. तेवढ्या वेळात चारशे मीटरवरचा पटाखाही फोडून ड्रायव्हर ट्रॅक्टर पुढं आणत होता. दाऊ त्याला ओरडून सांगत होता, चढ़ा दे.

मला वाटलं, झालं. जे गुरंदीत व्हायचं ते इथंच होणार. बाबारावलाही तेच हवं होतं ना, सायकल जावी. पण माझा भाऊ धावला, त्या गुडघ्यांनी, आणि सायकलवर पालथा पडला. चाकांत हात घालून तिला अशी मिठी मारली की एका माणसानं त्याला केस धरून ओढलं तरी तो सुटेना. मग त्या माणसानं सब्बल उचलली आणि बाबारावच्या मांडीवर घातली. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. बाबारावनं सायकल सोडली नाही.

ट्रॅक्टरवाला घाबरला. सायकलवर चढवणं वेगळं, माणसावर वेगळं. त्यानं पाण्याच्या बाजूला चाक वळवलं. काठाची गिट्टी त्यांनीच चार दिवस उपसून पोकळ केलेली, ती खचली. आधी ट्रॉली आडवी झाली, तिचा मागचा फाळका सुटून खिलान दाऊच्या नडगीवर पडला, आणि मग ट्रॅक्टर नाकावर उभा राहून, धूर सोडत, पाण्यात गेला. ड्रायव्हर पोहून बाहेर आला. पाण्यात बुडबुडे येत राहिले.

त्यानंतर कोणी कोणाला मारलं नाही. मारण्यासारखं कोणी उभंच नव्हतं. ज्यांना चालता येत होतं ते चालते झाले. उरलेले जिथं पडले होते तिथं कण्हत राहिले, आमचे आणि त्यांचे शेजारी शेजारी. बाबारावच्या पॅंटमधून हाडाचं टोक वर आलं होतं आणि खालच्या खड्यांत रक्त मुरत होतं. मी त्याच्या मांडीला वरून सायकलची ट्यूब आवळून बांधली. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता.

"गाडी बोलवा," तो म्हणाला.

मोबाइलला रेंज नव्हती. असती तरी काय? पूर्वेला आडवी ट्रॉली आणि खचलेला काठ, पश्चिमेला कंबरभर खंदक. मी त्याच्या कानाशी वाकलो.

"कोणती गाडी, बाबाराव? इथं गाडी येत नाही. तूच लिहून दिलंय."

"मेला तू," तो म्हणाला. मी विचारलं की तू पायी येणार होता ना, मग आठशे मीटरवर ते तीन पटाखे वाजले कशानं. त्यानं तोंड पाण्याकडे वळवलं. पुन्हा विचारलं. तेव्हा पुटपुटला, शेजारच्याची लूना. गुडघे. वाट इतकी गुळगुळीत होती की वाटलं, जाऊ थोडं पुढं.

म्हणजे त्याच्या त्या कागदाप्रमाणं वाटेवर मोटार आली होती, आणि पहिली मोटार खुद्द त्यानंच आणली होती. ती आता चार पुरुष पाण्याखाली होती. मी हसायला गेलो आणि बरगड्यांनी मला हसू दिलं नाही.

अवंतीनं आमचं बोलणं ऐकलं की नाही माहीत नाही. ती सायकल तपासत होती. पुढचं चाक थोडं वाकलं होतं, ते तिनं गुडघ्यावर धरून सरळ केलं. खांदा लोंबत होता, तो ओढणीनं छातीशी आवळून घेतला. मासेमारांची वस्ती पश्चिमेला नऊ किलोमीटरवर, तिथं इंजिनाच्या डोंग्या असतात. सगळ्या चढाचे नऊ किलोमीटर, आणि हात एक. तिनं बापाकडे पाहिलं. परवानगी मागावी असं ते पाहणं नव्हतं, पण ती थांबली होती हे खरं. श्यामसुंदरनं उरलेल्या डोळ्यानं घड्याळ पाहिलं आणि हात खाली केला, जसा तो गाडी सोडायचा. ती पट्टीवरून पलीकडे गेली आणि वळणाआड झाली.

मग आम्ही वाट पाहिली. खिलान दाऊ बाबारावपासून दोन हातांवर पडला होता, त्याची नडगी वाकडी, गाल मी त्याच्याच गमछ्यानं बांधलेला. बाबारावला गुंगी येत होती. प्रत्येक वेळी डोळे मिटले की मी त्याला थोबाडीत देत होतो, मघाचीही फेडून घेत होतो. एकदा माझा हात थकला तर दाऊनं पलीकडून हात लांब करून त्याच्या तोंडावर चापट मारली. बाबारावनं डोळे उघडून त्याला उलटी मारली. तेवढ्यानं दोघंही जागे राहिले.

डोंगी आली तेव्हा तिच्या टोकाला अवंती उभी होती, सायकल डोंगीत आडवी. तिच्या ओठांना फेस वाळला होता. मासेमारांनी फाळक्यावर घालून आधी बाबारावला उचललं, मग दाऊला, मग बाकीच्यांना. मी आणि श्यामसुंदर कडेला बसलो. डोंगी इतकी भरली की पाणी काठाला लागलं. अवंतीला जागा होती, सायकलला नव्हती. ती म्हणाली की सायकल राहू दे इथंच, बाबांसोबत मी येते, नंतर कोणीतरी आणेल.

बाबारावनं डोकं उचललं. "किती वेळात गेली ही?" त्यानं श्यामसुंदरला विचारलं.

"मासेमारांच्या घड्याळानं बावीस मिनिटं. नऊ किलोमीटर."

"एका हातानं?"

"एका हातानं."

दाऊ गमछ्यातून बोलला, "मौड़ी तो गजब है." मौड़ी म्हणजे त्यांच्याकडं पोरगी.

बाबारावनं पडल्या पडल्या त्याला कोपर मारलं. "मौड़ी किसको बोला? अवंती बोल." मग पोरीकडे वळून म्हणाला, "सायकल काहून सोडून राहिली? तू वाटेनं जा. आम्ही पाण्यानं येतो."

"बाबा, तुमचा पाय..."

"पाय डॉक्टर पाहील. तू पाहून काय जोडणार आहे? जा. वीस मिनिटांत झालं पाहिजे. कोकणात काय बावीस मिनिटं सांगशील लोकांना?"

ती हलेना. तेव्हा त्यानं मासेमाराला इंजिन सुरू करायला सांगितलं. डोंगी काठापासून सुटली तशी ती वाटेकडे वळली, सायकल धडक्या खांद्यावर घेऊन काठ चढली, आणि वरून एकदाच मागं पाहून निघाली. पाण्यातला रस्ता जवळचा, पाच किलोमीटरचाच. तरी बाबाराव मासेमाराला जोरात, जोरात म्हणत होता, आणि दर दोन मिनिटांनी मला उठवून विचारत होता की कुठं दिसते. डोंगराच्या कडेनं गिट्टीवरून एक ठिपका पळत होता, सागाच्या आड जायचा, पुन्हा निघायचा. दाऊही मान उचलून बघायला लागला. पलीकडे त्याची माणसं, अलीकडे आम्ही, सगळे तुटलेफुटलेले, एका काठाकडे तोंड करून बसलेलो.

आम्ही मासेमारांच्या वस्तीच्या घाटाला लागलो तेव्हा ती पायरीवर बसून शिंगाडे सोलत होती. श्यामसुंदर एकोणीस मिनिटं म्हणतो. मी सतरा मोजली.